सान्वीची रिकामी जागा

कोपरीतल्या दारू सोडणाऱ्यांच्या गटात एक पद्धत होती. कुणी मनापासून खरं बोललं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या गुरुवारी भगवान बोलला, तेव्हा गट चालवणाऱ्या नीलानेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच ती मधेच थांबली.

भगवान म्हणालेला, "मॅडम, सकाळी थोडी पोटात गेल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नाहीत. स्टेअरिंग कसं धरणार? कोलशेतची शाळेची व्हॅन आहे माझी, अकरा पोरं."

आता बोला! नीलाच्या बहिणीची मुलगी सान्वी ज्या व्हॅनवाल्या भगवानकाकांचं कौतुक करायची, ते हेच. इथलं बाहेर जाणार नाही, असा शब्द नीलाने पहिल्या दिवशी दिला होता. 'कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल' ही गटाच्या फॉर्मवरची ओळ मात्र तिने सगळ्यांना वाचून दाखवलीच नव्हती. दाखवली असती तर अर्धी माणसं चपला घालून निघाली असती. त्या शहाणपणाचं आता काय लोणचं घालायचं?

गट सुटल्यावर तिने भगवानला गाठलं. "उद्या व्हॅन काढू नका."

"घर कसं चालेल, मॅडम? आणि हे बाहेर गेलं, तर मी परत येणार नाही."

सांगावं तर हा माणूस गेला, न सांगावं तर पोरं. डोक्याचा नुसता भुगा झाला. घरी येऊन तिने बहिणीला, विनिताला, फोन लावला.

"उद्या सान्वीला रिक्षाने सोड."

"का गं?"

"सहज. मी सांगते म्हणून."

तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. बाकीच्या दहा पोरांचं सकाळी बघू, म्हणत ती पोळ्यांना लागली.

त्या व्हॅनमध्ये जागा मिळायला आया महिनोन्‌महिने थांबत. म्हणून आपलं मूल जाणार नसलं, की पालकांच्या ग्रुपवर कळवायचा तिथे रिवाज होता, म्हणजे त्या दिवसापुरती ती जागा दुसऱ्या कुणाला मिळे. अर्ध्या तासात विनिताचा मेसेज आला: 'सान्वीची जागा शेजारच्या दिशाला दिली गं. पहिल्यांदाच व्हॅनने जाणार, नाचतेय नुसती.'

नीलाने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानेच विनिताला फोन लावला. शाळेचा नंबर मागितला आणि सगळं सांगून टाकलं. आपण त्या माणसाला सावरतोय की बुडवतोय, तिला काही कळत नव्हतं.

 विनिता म्हणाली, "मघाशी का नाही बोललीस?"

दिलेल्या शब्दाचं कारण नीलाच्या ओठांवर आलं. पण शब्द तर तिने मघाशीच मोडला होता, फक्त आपल्या पोरीपुरता.