बांगडी वाढते तेव्हा

कपाचा कान तिच्या बोटांत राहिला आणि कप सिंकमध्ये जाऊन पडला... निळा, जाड, बाईंच्या रोजच्या चहाचा. कानाची तुटलेली बाजू आतून पांढरीफटक होती. प्रमोदिनी ती अंगठ्याने चाचपत उभी राहिली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाईंनी इंग्रजीत विचारलं, "काय गं, वाढला का माझा कप?" — आणि स्वतःच खोकल्यासारखं हसल्या.

कप वाढत नाही, कप फुटतो. बाईंना हे किती वेळा सांगावं!

बाई म्हणजे लोर्ना व्हिटकम. तोंडाने लोर्ना म्हणायची सवय प्रमोदिनीने लावून घेतली होती, मनात मात्र बाईच. जन्म ओहायोचा, तरुणपणी कॅनडात वॉटर्लूला शिकवायला आल्या त्या इथल्याच झाल्या. चार कवितासंग्रह, कॉलेजातली सगळी नोकरी, आणि निवृत्तीनंतर लायब्ररीत, देशात नव्याने आलेल्यांसाठी कवितेचा वर्ग. तिथे बाईंचा नियम एकच — आपल्या भाषेतला शब्द इंग्रजीत जसाच्या तसा मांडायचा, शहाणपणा करून सुधारायचा नाही. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या प्रमोदिनीला हे भलतंच वाटलं होतं, तरी तिने लिहिलं: माझ्या आईची बांगडी वाढली. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. फुटली म्हणणं अशुभ, म्हणून आमच्यात वाढली म्हणतात, असं तिने सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ तो परत घातलाच नाही... आयुष्यात कुणी आपलं इतकं ऐकलं नव्हतं, हे तिला बसमध्ये बसल्यावर जाणवलं होतं.

मग बाईंचे यजमान गेले, वॉल्ट. हिवाळाभर बाई घरातच होत्या, आणि बर्फ वितळताना त्यांनी एक कविता पूर्ण केली. वॉल्ट गेला नाही, वाढला; एका दूरच्या भाषेत म्हणतात तसं. नव्या संग्रहातली ती शेवटची कविता, खाली प्रमोदिनीचे आभार. सोमवारी पुस्तक छापायला जायचं होतं. "त्याआधी तू सांग, शब्द बरोबर बसलाय ना? तू हो म्हणालीस तरच ठेवीन."

"जस्ट टेल हर, आई," सकाळी गाडीतून सोडताना ऊर्मी म्हणाली होती. "इट्स रॉन्ग, सो से इट्स रॉन्ग." पोरीचं सगळं असं सरळसोट. माणसाला वाढला म्हणत नाहीत, एवढंच सांगायचं असतं तर प्रमोदिनीनेही केव्हाच सांगितलं असतं.

पण त्याच्या पुढचंही होतं... अमरावतीचं घर, मागची खोली, बाबांना नुकतंच नेलेलं. काकूंनी आईचा हात पाट्यावर धरला होता, दुसऱ्या हातात बत्ता. मी दाराशी उभी. ओसरीवरून कुणीतरी विचारलं, "फोडल्या का?" आणि काकू म्हणाल्या, "फोडल्या." वाढवल्या नाही म्हणाल्या. एरवी मोलकरणीच्या हातून एक फुटली तरी वाढली म्हणायला लावणाऱ्या काकू! तो गोड शब्द नवरा जिवंत असेपर्यंतचा होता. तो गेल्यावर कुणाला त्याची गरज वाटली नाही. आईने मनगटावरचं रक्त पदराने टिपलं. मला काकूंचा राग आला, तो अजून तसाच आहे.

म्हणजे बाईंनी तो शब्द नेमका तिथे ठेवला होता, जिथून आमच्या लोकांनी तो काढून घेतला.

प्रमोदिनी हात पुसून बाहेर आली. बाई खिडकीपाशी वॉल्टच्या खुर्चीत बसल्या होत्या. ती खुर्ची त्यांना फार मोठी होत होती.

"सांग."

"कप फुटला, लोर्ना. सॉरी."

"कप जाऊ दे. शब्द?"

बाईंचे डोळे पाणावलेले नव्हते, फक्त वाट पाहत होते. खरं सांगितलं तर कविता जाईल, आणि तिच्या आधाराने काढलेला हिवाळाही... माझ्यानं नाही होणार ते, असं प्रमोदिनी स्वतःला म्हणाली. मग म्हणाली, "ठेवा. शब्द बरोबर आहे."

बाईंनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. प्रमोदिनीला भरून यायला हवं होतं. आलं नाही.

स्टॉपवर ट्रामची वाट बघताना शेजारी दोन मुलं हिंदीत भाड्याच्या बेसमेंटबद्दल बोलत होती, आणि तिच्या मनात एक ओळ हलायला लागली — पाटा, काकूंचा बत्ता, ओसरीवरचा तो प्रश्न. ओळ इंग्रजीत येत होती, बाईंच्या वर्गातल्यासारखी, न सुधारलेली. फोडल्या. हा शब्द बाईंना दिला नाही ते बरं झालं, असं वाटलं, आणि ते वाटणं इतकं लख्ख होतं की ती दचकली. मग मघाशी दया आली होती ती कुणाची?... बाईंच्या दुःखावर पांघरूण घातलं, की आपलं तेवढं राखून ठेवलं?

ट्राम आली, दारं उघडली. ती चढली नाही. हललं तर पुढची ओळ जाईल, अशी भीती तिला वाटत होती.