नदीची शांतता

मित्रांनो, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, अंगावर वारा अडवणारी केसाळ टोपी ओढून जो झोपलेला दिसतो, तो जुना मायक्रोफोन म्हणजे मी. माझ्या पोटात केसाहूनही पातळ पडदा आहे. हवा हलली की तो हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. खरं-खोटं मला कळत नाही. जे थरथरतं ते मी पुढे पाठवतो.

एका वाहिनीत ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईने मला सांभाळलं. चित्रीकरण संपलं की ती सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची नुसती शांतता टिपून घ्यायची. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते. स्वयंपाकघराची, दवाखान्याची, रिकाम्या वर्गाची, प्रत्येक शांतता वेगळी. लोक माझं कौतुक करायचे, "याला मुंगीचं चालणंही ऐकू येतं!" म्हणायचे.

मग नद्यांवरची मालिका आली. एका नावाडीकाकांच्या होडीतून आम्ही निघालो. वरच्या अंगाला बेडूक, किडे, पाखरं. माझा पडदा नुसता नाचत होता. साबणाच्या कारखान्याचा नाला ओलांडला आणि सगळं थांबलं. उरलं ते वल्ह्यावरून ओघळणारं पाणी.

"ऐकलंस?" काका म्हणाले. "पूर्वी इथे बोलायचं तर ओरडावं लागायचं. हे दाखवशील ना, पोरी?"

"शब्द देते, काका."

पण मालिका त्याच साबणवाल्यांच्या जाहिरातींवर चालायची होती. नाल्याचं दृश्य आधीच कापलं गेलं. जाहिरात विभागाच्या साहेबांना उरलेली शांतताही खुपली.

"फार भकास वाटतं हो. लोक चॅनल बदलतील आणि साबणवाले आपल्याला बदलतील!"

"ते काही बोललेत का?" ताईने विचारलं.

"छे! ते बोलेपर्यंत थांबायचं असतं होय?"

दिग्दर्शक मान वर न करता म्हणाले, "ताई, वरच्या अंगाचा आवाज खालच्या दृश्यावर टाकू. मालिका तरी वाचेल."

"आणि माझा शब्द?"

कुणीच काही बोललं नाही. त्या खोलीची ती शांतता मात्र कुणी टिपली नाही.

नाल्याविना नदी पडद्यावर झुळझुळली. बेडूक मीच टिपलेले, पाखरंही मीच टिपलेली. फक्त ती तिथली नव्हती. कार्यक्रम संपताच काकांचा फोन आला.

"पिक्चर झकास झालं, पोरी. नदी कुठली होती गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मूळ ध्वनिमुद्रण आणि मला पिशवीत घालून होडीपाशी गेली. काकांच्या कानांवर तिने हेडफोन ठेवले. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"हां. ही आपली," ते म्हणाले. "जपून ठेव. कुणीतरी विचारेल."

आता वाहिनीत नवे मायक्रोफोन आले आहेत आणि माझ्या टोपीला कसर लागली आहे. मित्रांनो, कपाट उघडलंत तर माझ्यावर फुंकर मारू नका, पडदा ओलावतो. मऊ ब्रशने धूळ झटका. आणि टीव्हीवर नदी गाऊ लागली, तर मध्ये कुणाची जाहिरात लागते तेही बघा. मायक्रोफोनमध्ये आवाज साठत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी झोपेत कधीकधी माझ्या पडद्यावर वल्ह्याचं पाणी ठिबकतं, आणि मी वाट बघतो, एखादा तरी बेडूक बोलेल म्हणून.