भोपळ्याच्या मापाची बैठक

"ती दोरी आधी खाली ठेवा, सत्तारभाऊ!"

कुशाबाई पडवीतून अशा धावत आल्या की माझ्या हातात दोरी नव्हे, साप आहे असं कोणालाही वाटलं असतं. मी नुसती त्यांच्या नातवाच्या, सावळारामच्या कमरेला दोरी लावणार होतो. सावळाराम दीड वर्षाचा होता.

"काय झालं, वैनी?"

"जित्या पोराला दोरीनं मोजत्यात व्हय? दोरीनं मड्याला मोजत्यात. वाढ खुटंल त्याची."

"मग बैठक शिवू कशी? घोड्याला बी मोजावंच लागतं."

"घोडं न्हाई ते. नातू हाय माझा."

तोवर नातवानं माझ्या कातडं शिवायच्या आरीची मूठ तोंडात घातली होती.

मी जुन्नरचा खोगीरवाला. साल पंचावन्न असेल. कुशाबाईंचे मालक, राजुरीचे भगवंतराव, यांनी मुंबईहून एक जुनी मोटार आणली होती. मंचरच्या बाजाराला जाताना ती एका खड्ड्यात उडाली, आणि मागच्या गादीवर बसवलेला सावळाराम खाली पायांशी ठेवलेल्या कांद्याच्या पोत्यावर पडला. ओठ फुटला. धड बैठक झाल्याशिवाय पोराला मोटारीत घालायचं नाही, असं कुशाबाईंनी ठणकावलं. नातवाशिवाय भगवंतराव मोटारीत बसेनात. मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली आणि एक कोंबडी रोज तिच्यात अंडं घालू लागली.

माझंही नशीब त्या बैठकीत अडकलं होतं. घोडी बाळगणारे लोक एस.टी.नं जाऊ लागले होते. दोन वर्षांत नवं खोगीर कोणी सांगितलं नव्हतं. माझी बायको चांदबी हिचा भाऊ अन्सार मंचरला सुक्या बोंबलांचं दुकान चालवायचा. चांदबीनं मला सांगून ठेवलं होतं, की हे काम जमलं तर आणखी मोटारवाले येतील. नाही जमलं तर आरी पेटीत आणि तुम्ही बोंबलांत.

"मग माप तुमीच द्या," मी कुशाबाईंना म्हणालो.

त्यांनी घरातून एकेक भोपळा आणून नातवाशेजारी ठेवला. मागं सरून डोळे बारीक करून बघितलं. तिसरा भोपळा पसंत पडला.

"ह्यो घ्या. बराब्बर एवढाच हाय. वजनाला बी."

"अगं, पण त्याच्या आईला तरी इचार," भगवंतराव म्हणाले.

"तिला काय इचारायचं? दिसभर उचलून मी फिरती."

मी भोपळा मांडीवर घेऊन एस.टी.नं जुन्नरला निघालो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, भाजीला एवढं जपताय?"

"भाजी न्हाई, माप हाय," मी म्हणालो. त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं सरकला.

चांदबी मात्र एवढ्यावर सोडणारी नव्हती. "बच्चे का माप भोपळे पे लिए? क्या जी तुमे!"

माझ्या वडिलांनी ठेवलेलं एकच चांगलं कातडं उरलं होतं. तेच काढलं. आठ दिवस शिवत होतो. भोपळा त्या बैठकीत असा बसला की हलवून हलेना. मी खूश झालो.

राजुरीत सावळारामला बैठकीत घातलं आणि भोपळ्याला पाय नसतात हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले आणि तो तसाच अडकला. मी त्याला बगलेत धरून वर ओढत होतो, भगवंतराव बैठक खाली ओढत होते. पोरगं खिदळत होतं.

"तुमचं शिवणं चुकलं!" कुशाबाई म्हणाल्या.

"वैनी, भोपळा तुमचा व्हता."

"भोपळ्याला काय झालंय? भोपळा बराबर व्हता!"

सावळाराम एकदाचा निघाला. भगवंतराव घाम पुसत म्हणाले, "राहू द्या, सत्तारभाऊ. पुन्यास्नं मागवतो एखादी."

मला बोंबलांचा वास तिथंच आला. मी मान फिरवली, तर समोर त्यांच्या घोडीचं शिंगरू बांधलेलं होतं. वडील म्हणायचे, शिंगराला माप नको, वाव दे. आज घेतलेलं माप त्याला दिवाळीला पुरत नाही.

"आठ दिस द्या," मी म्हणालो. "आन् भोपळा तुमच्याकडंच ठेवा."

घरी जाऊन सगळं उसवलं. पाय सोडायला पुढं दोन वाटा ठेवल्या. बैठक मोटारीच्या गादीला आवळायला मागं पट्टे लावले. आणि पोराच्या पोटावरून घोड्याचा तंग घेतला. खोगीर जाग्यावर राहावं म्हणून घोड्याच्या पोटाला आवळतात, तो पट्टा. त्याला बक्कल आणि नऊ भोकं.

"पोरगं वाढंल तसं पुढच्या भोकावर घ्यायचं," मी कुशाबाईंना सांगितलं. "दोरी नको, मोजणं नको."

त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. "भोकं मोजली तर चालत्यात?"

"भोकं मोजा. पोराला नका मोजू."

सगळे मंचरला निघालो. त्याच खड्ड्यात मोटार उडाली. भगवंतरावांचं पागोटं टपाला लागलं, मी दारावर आपटलो, कुशाबाई थेट कांद्याच्या पोत्यावर. तिथूनच त्यांनी विचारलं, "पोरगं हाय का जाग्यावर?"

"हाय. हसतंय."

"मग थांबू नगा."

पण दुसरे मोटारवाले काही आले नाहीत. तालुक्यात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यांत बसणारी नातवंडं त्याहून कमी. वर्षभरानं आरी पेटीत गेली आणि मी मंचरला अन्सारच्या दुकानात बसू लागलो. बाजारच्या दिवशी भगवंतराव दुकानासमोरून जाताना भोंगा वाजवून ओरडायचे, "सत्तारभाऊ, चवथ्या भोकावर आलं!" गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत राहायची. मग पाचवं आलं, सहावं आलं.

तीन वर्षांनी एकदा मोटार दुकानासमोर थांबली. सावळाराम पुढच्या गादीवर आजोबांशेजारी बसला होता. दार उघडून आपला आपण उतरला.

"नववं भोक बी पुरंना आता," भगवंतराव म्हणाले. "म्हनलं, मोठं झालं, बसू दे पुढं."

"आजीनं तुमाला हे धाडलंय," सावळाराम म्हणाला आणि त्यानं मागचं दार उघडलं.

बैठकीत एक भोपळा होता. गडगडू नये म्हणून तंगानं आवळला होता, पहिल्या भोकावर.

मी बोंबलांचे हात धोतराला पुसले. आत वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. एकही टाका सुटला नव्हता. मग बक्कल सोडलं. भोपळा बाहेर काढायला मला जरा वेळच लागला.