पेटीतली स्केल

भिलाई-दुर्गच्या थ्रीडी प्रिंटरवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नवीन माणूस आला की दोन दिवसांत रडगाणं सुरू होतं, "दीदी, पार्ट फिट नहीं हो रहा." मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवते. आधी मशीनवर संशय घ्या. मग फाइलवर. मग मापावर. माणसावर सगळ्यात शेवटी. आणि चिडू नका, चिडून प्लास्टिक सरळ होत नाही. हे शेवटचं फक्त दुसऱ्यांना सांगायला. माझा स्वतःचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो.

प्रिंटर मी घेतला तो बाबांसाठी. माझे बाबा, बाबाराव, भिलाईच्या स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये चौतीस वर्षं होते. आधी लाकडाचा नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा उठवायचा, साच्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. त्यातला लाकडाचा नमुना म्हणजे बाबा. घरात पडद्याच्या दांडीपासून माझ्या लग्नाच्या ब्लाउजपर्यंत (लग्न टिकलं नाही, ब्लाउज मात्र नीट बसला होता) काहीही मोजायचं तर त्यांनीच. बाबांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मार्चमध्ये ते शेजारच्या कुरुदला भाजी आणायला गेले आणि दोन तासांनी एका अनोळखी रिक्षावाल्यासोबत परत आले. कोहक्यात आपलं घर कुठल्या गल्लीत आहे तेच त्यांना आठवेना. डॉक्टर म्हणाले, वयाचं असेल, नाहीतर आजाराची सुरुवात असेल. दोन महिने लक्ष ठेवा, हाताला आणि डोक्याला काम द्या, मग ठरवू. धाकटा भाऊ पीयूष पुण्यात असतो. त्याने तेव्हापासून एकच धोशा लावला, "दीदी, आई-बाबांना इकडे घेऊन येतो. तू अकेली क्या-क्या देखेगी?" पुण्यात चौथ्या मजल्यावर बाबा काय करणार होते? इथे त्यांची हत्याराची पेटी आहे, अंगणात करवतीची घोडी आहे. तिथे नेलं तर ते महिन्याभरात खचतील, याची मला खात्री होती.

म्हणून मी ठरवलं, मापं बाबांनी घ्यायची, कॉम्प्युटरवर आकृती मी काढायची आणि वस्तू प्रिंटरने करायची. पहिलं काम कूलरचं. मे लागला होता आणि कूलरच्या तोंडाची आठ पाती तुटली होती. बाबा खूश झाले. कानाला पेन्सिल अडकवली, पेटीतून आपली जुनी स्टीलची स्केल काढली, खाचेपासून खाचेपर्यंत लावली.

"एकशे शहाण्णव लिही, नीतू."

पातं निघायला दीड तास लागला. खाचेत बसवलं तर टपकन खाली पडलं. आखूड होतं.

मी माझ्याच सल्ल्याप्रमाणे मशीनवर संशय घेतला. बेल्ट ताणले. वीस मिलिमीटरचा ठोकळा काढून व्हर्नियरने मोजला, वीसच्या वीस भरला. फाइल तपासली, ठीक होती. बाबांना म्हटलं, परत मोजा. त्यांनी परत मोजलं, एकशे शहाण्णवच. दुसरं पातं काढलं, तेही पडलं. मग खिडकीची अडसरपट्टी काढली, तीही आखूड. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत कूलरचा वारा थेट छताकडे, आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, एक माप होत नाही का तुमच्याच्यानं?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "मी बराबर मोजून राहिलो, बेटा," एवढंच म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते प्रिंटरच्या खोलीत आलेच नाहीत. आईने कूलरमध्ये खोक्याचे पुठ्ठे कापून खोचले.

"कावून बोलली वं त्याईले तशी?" आई म्हणाली. "रातभर जागे होते. मले विचारत होते, सिंधू, माह्या डोक्याचं काही खरं नाही का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी माझ्या व्हर्नियरसोबत आलेली नवी स्केल घेऊन ती जागा स्वतः मोजली. दोनशे. चार मिलिमीटरची चूक, आणि ज्या माणसाच्या नमुन्यात केसाएवढा फरक कुणाला सापडला नव्हता त्याने केलेली. मी पीयूषला फोन केला आणि सांगितलं, तिकिटं बघ. सांगताना मला रडू आलं.

फोन ठेवल्यावर मी खोली आवरायला घेतली. अडसरपट्टी हातात आली. तिचं माप बाबांनी अठ्ठ्याण्णव सांगितलं होतं. खिडकीची जागा मोजली, तर शंभर. शंभराला दोन, दोनशेला चार. विसरणारं डोकं इतक्या नेमाने चुकतं? ते आज दोनने चुकेल, उद्या नऊने. हे तर रोज सारखंच चुकत होतं. मी बाबांची स्केल उचलली आणि माझ्या स्केलला खेटून लावली. शून्याला शून्य जुळलं. पण तीनशेच्या रेघेशी बाबांची स्केल माझ्या स्केलच्या सहा मिलिमीटर पुढे गेली होती.

बाबांची स्केल उलटी करून गंज पुसला. त्यावर ठोकलेलं होतं, २%. शेजारी पंचने उठवलेली बाबांची अक्षरं, बा. रा.

मग मला सहावीतली थप्पड आठवली. मी हीच स्केल भूमितीच्या तासाला नेली होती आणि माझे सगळे त्रिकोण चुकले होते. संध्याकाळी बाबांनी मला एक लगावली आणि मग जवळ घेऊन समजावलं होतं. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, शंभराला दोन. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून ही स्केलच ताणून आखलेली. घरात हिला हात लावायचा नाही.

माझ्या जिवात जीव आला. मशीन नाही, फाइल नाही, माणूसही नाही, माप! मी पीयूषला परत फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि अंगणात धावले. "बाबा ठीक आहेत! तिकिटं काढू नको! स्केलच दोन टक्के मोठी आहे, त्यांनी एकदम बरोबर मोजलं होतं!" आई पोळीचा उंडा हातात घेऊन बाहेर आली आणि हसता हसता रडायला लागली. फोनमधून पीयूष ओरडत होता, "सच में, दीदी? सच में?"

मी बाबांसमोर उकिडवी बसले. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून माफी मागितली आणि स्केल त्यांच्या हातात दिली. "पेटीतून चुकून ही निघाली, बाबा. तुमची दोन टक्क्यांची."

बाबांनी स्केल उलटी केली. आपल्याच नावाच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून हसले, शाळेतल्या नव्या पोराने मास्तरांकडे बघून हसावं तसे.

"चांगली हाय. पण दोन टक्के कावून?"

मला वाटलं, ते थट्टा करून राहिले. बाबांना थट्टेची सवय होती. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. थट्टा नव्हती.

"पोलाद थंड झालं की आकसते, बाबा," मी म्हटलं. "शंभराला दोन."

"असं काय?" ते मन लावून ऐकत होते. त्यांनी पेन्सिलसाठी कानाला हात लावला, ती तिथे नव्हती. "मंग पहिलेच सांगाचं न, बेटा. सांगत जाय मले."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.