बंबवाल्याची तिसरी इमारत

दुपारी चष्म्याची काच फ्रेममध्ये बसवता बसवता थोरलीचं सहज बाहेर लक्ष गेलं, आणि हातातली काच सुटता सुटता राहिली. रस्त्यापलीकडच्या गेमच्या दुकानात दारभर पोस्टरमध्ये बंबवाला उभा! तोच पिवळा टोप, तेच फुगीर नाक, खांद्यावर तोच पाण्याचा पाइप. खाली लिहिलेलं, ‘तुमचा जुना दोस्त, आता हातात मावेल एवढा.’

“अगं बाई!” ती एवढ्या जोरात ओरडली की नंबर तपासायला बसलेले काका घाबरून म्हणाले, “काय झालं? वाढला का?”

नंबर कसला वाढतोय! थोरलीचं वयच झर्रकन उतरलं होतं. लहानपणी गल्लीच्या तोंडावर एक गेम पार्लर होतं आणि त्यात कपाटाएवढं ते मशीन. तीन जळत्या इमारती. बंबवाल्याने शिड्या चढायच्या, आगीवरून उड्या मारायच्या, पाणी मारायचं. तिसऱ्या इमारतीच्या अगदी वरच्या खिडकीत काहीतरी लाल हलायचं. थोरली छातीवर हात ठेवून सांगायची, म्हातारी आहे, रुमाल हलवतेय. धाकटी बहीण म्हणायची, म्हातारी कसली, तांबड्या मांजराची शेपटी आहे ती. यावरून दोघी ताटावरून उठलेल्या आहेत. पण त्या खिडकीपर्यंत काही पोचल्या नाहीत, आणि एक दिवस पार्लरला कुलूप लागलं. बोंबला! त्या खिडकीत कोण होतं, हे थोरलीला आजही कळलेलं नव्हतं. आज कळणार होतं.

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

“तोच खेळ परत विकत?” नवरा म्हणाला. “अगं, कुणीतरी शेवटपर्यंत खेळून व्हिडिओ टाकला असेल. फुकट बघ आणि मोकळी हो.”

“तुला जेवणाचा फोटो दाखवला तर पोट भरतं का तुझं?”

“बरं बाई. निदान घेण्यासारखा आहे का, ते बघ आधी.”

हे मात्र त्याचं बरोबर होतं. म्हणून संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद झाल्या झाल्या ती समोर जाऊन धडकली.

गेमच्या दुकानाचा मालक दाढीवाला, आणि धंद्याच्या मानाने जरा जास्तच खरं बोलणारा. “चित्र स्वच्छ केलंय, आवाज जुनाच ठेवलाय,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? खेळ छोटा आहे. ज्याला येतो त्याचा तासाभरात संपतो. घ्याच, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार.”

“मला येतो,” थोरली म्हणाली. काय तो रुबाब!

त्याने खेळाचं छोटं यंत्र तिच्या हातात दिलं. सुरुवातीची टिंगटिंग वाजली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. बंबवाला निघाला. निघाला तो सरळ आगीत. पुन्हा निघाला, शिडी सोडून भिंतीवर आपटला. तिसऱ्यांदा तर जागच्या जागी बेडकासारख्या उड्या मारत बसला. दाढीवाला इतका सभ्य, की त्याने छताकडे बघायला सुरुवात केली.

थोरलीचे कान लाल झाले. पण तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. उजवा अंगठा अगदी चोख चालला होता. उडी म्हणजे उडी, पाणी म्हणजे पाणी. घोळ सगळा डाव्याचा. त्याला कुठे जायचं तेच कळत नव्हतं.

कळणार कसं? डावीकडचा दांडा तिने कधी हातात धरलाच नव्हता! पार्लरमध्ये बसायला एकच स्टूल. डाव्या अर्ध्यावर धाकटी, उजव्या अर्ध्यावर थोरली. चालवायची धाकटी, उड्या मारायची थोरली. आणि इतकी वर्षं ही बया सगळ्यांना सांगत फिरत होती की बंबवाला मला येतो.

धाकटी आता शहराची बस चालवते. तिची दूरच्या डेपोत बदली झाल्यापासून दोघींचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ एवढ्यावर आलेलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतंच विरत गेलेलं. थोरलीला ते फार खुपायचं, पण फोन लावला की जिभेवर तेवढंच यायचं. आज तिने जेवणाचं नावच काढलं नाही.

“बंबवाला आलाय,” ती म्हणाली. “समोरच्या दुकानात. आणि मला चालवता येत नाही.”

पलीकडून किंचाळी. “हात लावू नकोस! मी येतेय!”

आली ती खाकी गणवेशातच, धापा टाकत. “खिडकी बघितली नाहीस ना?”

“शपथ नाही.”

दाढीवाल्याने यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या मुठी खटकन सोडवून दिल्या. एक हिला, एक तिला. स्क्रीन काउंटरवर उभी केली. “हे बरं पडेल,” तो म्हणाला. “दोघी ऐसपैस उभ्या राहा.”

ऐसपैस उभ्या राहिल्या आणि ऐसपैस हरल्या. “अगं, मार की उडी!” “अगं, सांग की कधी!” असं म्हणत बंबवाला चार वेळा भाजला.

“स्टूल आहे का हो?” धाकटीने विचारलं. “एकच द्या.”

लहानपणी त्या स्टुलावर दोघी मावून वर जागा उरायची. आता दोघींचं अर्धं अर्धं अंग बाहेर. पण धाकटीचं कोपर थोरलीच्या बरगडीला लागलं मात्र, आणि सगळं आठवलं! धाकटी वळायच्या आधी तिचं कोपर हलायचं, आणि ते हललं की थोरली उडी मारायची. सांगावं लागायचंच नाही कधी.

पहिली इमारत गेली. दुसरी गेली. दाढीवाला काउंटर सोडून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. तिसरीच्या मध्यावर एकच जीव उरला, तेव्हा तो म्हणाला, “इथे मागे जाऊन परत खेळता येतं, दाखवू का?”

“गप्प बसा!” दोघी एका सुरात ओरडल्या.

कोपर, उडी. कोपर, उडी, पाणी. शेवटची शिडी. खिडकी आली. स्वच्छ, रेखीव, जशी लहानपणी कधीच दिसली नव्हती.

खिडकीत टॉवेल होता. दोरीवर वाळत घातलेला लाल टॉवेल, वाऱ्याने हलत होता. म्हातारी नाही, मांजर नाही. बंबवाल्याने तो खांद्यावर टाकला, घाम पुसला, आणि खेळ पुन्हा पहिल्या इमारतीपासून सुरू झाला.

“टॉवेल!” धाकटी कशीबशी म्हणाली, आणि स्टूल कलंडलं. दोघी जमिनीवर, एकमेकींच्या अंगावर, हसून हसून पोटं धरलेली. थोरलीचे डोळे वाहत होते, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. किती दिवसांनी ही अशी शेजारी बसली होती!

“मग?” दाढीवाल्याने चाचरत विचारलं. “संपला की खेळ. आता घेऊन तरी काय करणार?”

धाकटीने उठून गणवेश झटकला. यंत्राची डावी मूठ सरळ खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. “बाकीचं हिला बांधून द्या. पैसे निम्मे निम्मे घ्या.” मग थोरलीकडे वळून म्हणाली, “माझ्याशिवाय खेळून दाखव बघू. उद्या सकाळची पाळी आहे माझी, संध्याकाळी येते. स्टूल काढून ठेव.”

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. “काय गं, घेतलास का शेवटी?”

“घेतला ना,” थोरली डोळे पुसत म्हणाली. “अर्धा.”