राणीच्या तिकिटाखालचा लिफाफा

मित्रांनो, माझं वय पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेलं आहे. मी कागदाचा एक जुना लिफाफा. सध्या मुक्काम सिंगापूर, तोआ पायोहमध्ये शामकांत आबांचं कपाट.

माझा जन्म इंग्लंडचा, १८४० सालचा. त्याआधी पत्र जितकं लांबून येई तितके पैसे जास्त, आणि ते बहुधा घेणाऱ्यानेच द्यायचे. कितीतरी आया मुलाचं पत्र दारातूनच परत करीत. त्या वर्षी सरकारने ठरवलं, एका पेनीत पत्र देशात कुठेही जाईल. त्यासाठी आम्ही दोघे एकदमच निघालो. एक राणीच्या चेहऱ्याचं काळं तिकीट आणि दुसरा मी, पेनी आधीच भरलेला. माझ्यावर देवी, सिंह, उडणारे दूत, उंट, हत्ती. तिकिटावर नुसता एक चेहरा! तरी लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. माझी मात्र व्यंगचित्रं काढली. थोड्याच दिवसांत मला बंद करायचं ठरलं. मी आतून जळत राहिलो.

मला मँचेस्टरच्या एका गिरणी कामगाराने आईकडे धाडलं. आत बहिणीसाठी रिबिनी होत्या. वजन वाढलं, आणखी एक पेनी लागली. मग माझ्या अंगावर काय चिकटवावं? तेच काळं तिकीट! तेव्हापासून जो तो त्यालाच बघतो. आबा जहाजावर इंजिनियर होते, त्यांनी मला लंडनमध्ये घेतलं. तेही सांगतात, "तिकीट घेतलं, लिफाफा सोबत आला."

परवा त्यांची नात अवनी सिंगापूरच्याच पुंगोल भागातून आली. तिला शाळेत एक जुनी वस्तू दाखवायची होती.

"आबा, स्टॅम्प सो कूल! एन्व्हलप सो अग्ली लाह." इथल्या मुलांच्या वाक्याला शेवटी हे 'लाह' लागतंच.

"अग्ली काय गं, गधडे!" आबा हसले आणि खुर्चीतच पेंगले.

पाकीट भिजवून तिकीट सोडवायला आबांनीच तिला शिकवलं होतं. तिने वाडग्यात पाणी आणलं. "स्टॅम्प ठेवू, हे फेकून देऊ," ती पुटपुटली. मी केरात जाणार होतो, तरी आधी मला आनंद झाला, ह्या तिकिटापासून सुटलो एकदाचा! माझा कोपरा पाण्यात बुडला.

"अवनी! हात काढ!" आबा धडपडत उठले.

"तुम्हीच शिकवलं ना, सोक इट?"

"ते रोजच्या पाकिटांचं, बाळा. हा लाल शिक्का बघ. अर्धा तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर. वेगळे केले तर दोघे एकाच पत्राबरोबर गेले, हे कोण मानेल?"

मला गार वाटलं. पाण्याने नव्हे. इतकी वर्षं तो शिक्का मी निम्माच माझा समजत होतो, तो तर आम्हा दोघांचा मिळून अख्खा होता.

आबांनी मला टिपकागदावर ठेवलं. अवनी वाकली. "आबा, एलिफंट! आधी कसे दिसले नाहीत?"

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने आम्हा दोघांना एकत्रच दाखवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूतलं आवडेल तेवढंच सोडवून घेऊ नका. तिला अख्खी सांभाळा. माझा मत्सर गेला का? खोटं कशाला बोलू? पाण्याचा डाग पडला तोही मलाच, तिकीट कोरडंच राहिलं. पण हल्ली कोणी त्याच्या कडेला नख लावलं, तर आधी मला त्याचीच काळजी वाटते. जळायचं ते मी नंतर जळतो.