एका रेषेखालचं मिनिट

आमच्या घरात काकूला खोटं ठरवलं गेलं ते एकदाच, पण ते एकवीस वर्षं पुरलं.

तिचं म्हणणं असं की लग्नाच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्राच्या निवेदकाने काकाच्या हातात माईक दिला, तेव्हा काकाने सगळ्यांदेखत शब्द दिला होता. दर रविवारी सकाळचा स्वयंपाक तो करणार आणि काकू नऊ वाजेपर्यंत झोपणार. काकाचं म्हणणं असं की तो फक्त ‘एखाद्या रविवारी चहा करून पाजीन’ एवढंच म्हणाला होता, आणि तो चहा त्याने पाजलेला आहे. या खटल्याचे स्वयंघोषित न्यायाधीश म्हणजे माझे बाबा, काकाचे थोरले भाऊ. आपण त्या वेळी जेवणाच्या रांगेकडे होतो, आपल्याला काही ऐकू आलं नाही, तेव्हा आपण पूर्ण निःपक्षपाती आहोत, असं ते सांगत. निकाल ठरलेला असे: पुरावा आणा. पुरावा म्हणजे लग्नाची सीडी, आणि सीडी नेमकी निवेदकाने माईक पुढे केला की अडकायची. काकाचा हात माईककडे निघालेला, तोंड अर्धं उघडं, आणि मग पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन. सुरुवातीला चौकोन तरी दिसत. अलीकडे मशीन ‘टक टक’ करून डिस्क सरळ बाहेरच काढून द्यायचं.

आई तेव्हा सहा महिन्यांच्या मला घेऊन हॉलबाहेर फेऱ्या मारत होती, त्यामुळे आम्ही दोघी साक्षीदार म्हणून बाद.

काकू शाळेची बस चालवते. सोमवार ते शनिवार ती पाचच्या आत उठते, आणि रविवारी कुणी उठवत नसताना सवयीने उठते. मागच्या महिन्यात तिच्या बसवर एक नवी मदतनीस लागली, मुलांना चढवायला-उतरवायला. तिला काकूने जेवायला बोलावलं. जेवताना काकाने ती जुनी गोष्ट पाहुणीला साभिनय सांगितली आणि शेवटी म्हणाला, ‘आमच्या हिला स्वप्नं फार खरी पडतात.’ सगळे हसले. मदतनीसही हसली. काकूही हसली, पण पुढचा भाताचा डाव तिने काकाच्या ताटात बराच वरून सोडला.

दुसऱ्या दिवशी ती सीडी घेऊन माझ्या खोलीत आली. मी नुकतीच पदार्थविज्ञानातली पदवी घेतली होती आणि एका संशोधन संस्थेच्या उत्तराची वाट पाहत घरी बसले होते. घरात मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात. हे पद मुख्यतः ट्यूबलाइट लागेनाशी झाली की आठवतं.

“मला रविवार नकोय गं,” काकू म्हणाली. “आता नऊपर्यंत झोपायला सांगितलं तर पाठ धरेल माझी. पण ती पोरगी बसमध्ये सांगत सुटेल, आमच्या ड्रायव्हरबाई थापा मारतात म्हणून. मी थापाडी नाही, एवढं दाखव मला.”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझं कुतूहल रविवारापेक्षा डिस्कमध्ये जास्त होतं.

खालची, चकचकीत बाजू पाहिली तर तिथे काकाच्या हातचे उपचार होते. त्याने दर दोन-तीन वर्षांनी तिला टूथपेस्ट चोळली होती, गोल गोल, जीव लावून. एकदा फ्रीजरमध्येही ठेवली होती. पण दुखणं त्या बाजूला नव्हतंच. फोटोवाल्याने भरून दिलेल्या अशा सीडीत सगळी फिल्म असते ती वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, वार्निशखालच्या धातूच्या एका पातळ थरात. खालून दिसतं ते नुसतं जाड पारदर्शक प्लास्टिक. म्हणजे गच्ची गळत होती आणि काका तळमजल्याला रंग देत होता.

मग मी डिस्क बल्बसमोर धरली आणि मला हसूच आलं. धातूचा थर जिथे उडालेला असतो तिथून उजेड आरपार येतो. इथे तो कसाही, ठिपक्याठिपक्यांनी येत नव्हता. कडेपासून थोडं आत, सुबक कमानीत, उजेडाने अक्षरं लिहिलेली होती: लग्न, भाग दोन, रिसेप्शन, जपून हाताळावे.

बाबा एका अभियंत्याच्या कचेरीत आरेखक आहेत. इमारतींचे नकाशे काढतात. आमच्या घरातल्या मसाल्याच्या डब्यांवरची अक्षरं छापल्यासारखी दिसतात. सीडी घरी आली त्या संध्याकाळीच त्यांनी ती ताब्यात घेतली होती. मी त्यांना बोलावलं आणि हे कशाने लिहिलं ते विचारलं.

“बॉलपेनने. नीट दाबून, म्हणजे पुसलं जाणार नाही.”

“आणि ही वरची रेघ?”

शब्दांच्या डोक्यावरची रेघ त्यांनी शब्दागणिक तोडली नव्हती. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ती एकसंध गेली होती, कडेला समांतर, कुठेही केसभर न हलता. बाबांचा चेहरा खुलला. ती त्यांनी कंपासने काढली होती. डिस्कला मध्ये भोक, कंपासचं टोक कुठे टेकवणार? म्हणून भोकाच्या मापाचा पुठ्ठा कापून बसवला, त्याचा मध्य काढला, कंपासला पेन लावलं आणि एका दमात कमान ओढली.

आता मला त्यांना जे सांगायचं होतं ते सांगणं सोपं नव्हतं. सीडीवरची फिल्म अशाच गोल वळशांनी लिहिलेली असते, आतून बाहेर, एकाला लागून एक, इतकी बारीक की बॉलपेनच्या एका रेघेच्या रुंदीत जवळपास दोनशे वळसे मावतात. वळसे आडवा छेदून गेलेला ओरखडा मशीन सहन करतं. वळशाचा इवलासा तुकडा गेला तर आजूबाजूच्या माहितीवरून ते भरून काढतं. पण वळशाच्या बाजूने, वळशासारखीच गेलेली रेघ मात्र एक तृतीयांश वळसा गिळते, मग पुढचाही, मग त्याच्या पुढचाही. मी कागदावर हिशेब केला. बाबांच्या त्या एका रेषेखाली फिल्मचं साधारण एक मिनिट होतं. शेवटाकडचं. भाषणांचं.

“म्हणजे कुणी गबाळ्या माणसाने वेडंवाकडं लिहिलं असतं तर फिल्म वाचली असती,” मी म्हणाले.

दारात उभं राहून ऐकणारा काका खाली बसला आणि मांडीवर थापा मारायला लागला. बाबा म्हणाले की ही सुंदर अक्षराला शिक्षा झाली. काकूने डिस्क हातात घेतली, बल्बसमोर धरून सगळं सावकाश वाचलं आणि म्हणाली, “दादा, ‘जपून हाताळावे’ लिहूनच जीव घेतलात की हो तिचा.”

पण सगळंच गेलेलं नव्हतं. रेघ जिथे नुसती दबली होती तिथे धातू वाकला होता, उडाला नव्हता. वाकलेलं वाचू शकेल असं मशीन हवं होतं. आम्ही संगणकाला लावून पाहिलं. त्याने डिस्क जोरात फिरवली, घरघर केली आणि ‘वाचता येत नाही’ म्हणून हात वर केले. मैत्रिणीचा लॅपटॉप आला, तिच्या भावाच्या गाडीतला प्लेयर आला. जेवायच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. प्रत्येक यंत्र फार तर निवेदकाच्या हातापर्यंत जाई आणि मान टाकी. जितकं यंत्र महाग तितकं लवकर. माझ्या लक्षात आलं की ही सगळी सरळमार्गी यंत्रं आहेत. एकेक अंश बरोबर मिळाला नाही तर ती पुढे जात नाहीत. आम्हाला हवं होतं एखादं जुनं, मंद आणि बेपर्वा यंत्र. पुढ्यात येईल ते गिळणारं आणि ढेकर देणारं.

असं यंत्र कुणाकडे आहे हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. शेवटचा रोगी गेला की ते कराओके मशीनवर गातात. त्या मशीनच्या आवाजाची खुंटी मोडलेली आहे, त्यामुळे त्याला एकच आवाज माहीत आहे, सगळ्यात मोठा. शिवाय त्यात घुमारा आहे आणि तो बंद होत नाही. डॉक्टरांनी मशीन स्वतः उचलून वर आणलं, दोन स्पीकर काखेत धरून. काम झालं की एक गाणं म्हणू द्यायचं, एवढीच त्यांची अट होती. काकूने निरोप पाठवून बसवरच्या मदतनीसलाही बोलावून घेतलं. ज्या पंचांसमोर अब्रू गेली, त्यांच्यासमोरच ती परत मिळायला हवी, असं तिचं गणित होतं. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी न्यायाधीशाची खुर्ची ओढून मधोमध घेतली.

मशीनने डिस्क गिळली. चित्र आलं ते म्हणजे नुसता चिवडा होता. निवेदकाच्या कपाळावर काकाची हनुवटी, काकूच्या हारातून कुणाचा तरी बूट. माईक पुढे आला. काकाचा हात निघाला. सगळ्यांचे श्वास अडकले आणि मशीनचा मात्र नाही. ते एक उचकी देऊन पुढे गेलं.

आणि काकाचा आवाज आला. पंचविशीतला, चिरका, उतू चाललेला, स्पीकरभर आणि जिनाभर घुमत.

“मी शब्द देतो. दर रविवारी स्वयंपाक मी करणार. आणि ही नऊ वाजेपर्यंत झोपणार.”

मधल्या उचक्या मी लिहीत नाही. पण शब्द एकूण एक होते, आणि घुमाऱ्यामुळे दोन-दोनदा होते.

काकूने कुणाकडे पाहिलं नाही. मशीन जोडलेल्या टीव्हीवर तिचा हात होता तो तिथेच राहिला. काका काहीतरी बोलायला गेला, पण डॉक्टरांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. आणि फिल्म अजून चालूच होती. आता तरुण काकूचा आवाज आला, अगदी शांत:

“आणि नाही केला तर?”

हॉलमध्ये हशा. तरुण काका जरा चाचरला आणि म्हणाला, “तर दादा करेल.”

मग माईक कुणीतरी ओढून घेतल्याचा खरखराट, आणि एक तिसरा आवाज, भरदार, खात्रीचा. “मी जामीन. ह्याने नाही केला तर मी करीन. आणि दोघांनीही नाही केला तर आम्हा दोघांना उपाशी ठेवा.”

आम्ही सगळे खुर्चीकडे वळलो. बाबा पडद्यावरच्या चौकोनांकडे टक लावून पाहत होते.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

पुढचं मला सलग सांगता येणार नाही. आई ओट्याला धरून हसत उभी होती ती हळूहळू खाली बसली. काका बाबांच्या नाकासमोर बोट नाचवत होता की एकवीस वर्षं निकाल देतोस, आणि सहआरोपी तूच, वर पुरावा कंपास लावून नष्ट केलास. बाबा शपथेवर सांगत होते की त्यांना खरंच, अगदी खरंच आठवत नव्हतं, आपण जेवणाच्या रांगेकडेच होतो. समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, जामीन राहायच्या आधी घरी विचारत जा हो. तेव्हा आम्हाला कळलं की निकाल गल्लीभर लागला आहे. डॉक्टरांनी माईक जोडला आणि ठरल्याप्रमाणे गाणं सुरू केलं, पण तेही दुसऱ्या ओळीला फुटले आणि त्यांचं हसू घुमत राहिलं. मदतनीस तोंडात ओढणीचा बोळा कोंबून भिंतीला टेकली होती.

काकू तिच्याजवळ गेली. “ऐकलंस?”

“सगळ्या गल्लीने ऐकलं, बाई.”

“बास,” काकू म्हणाली, आणि मग ती हसायला लागली. तिला मी असं हसताना आधी पाहिलं नव्हतं. बसचा हॉर्न अडकल्यासारखी हसली, थांबेचना.

मी डिस्क पुन्हा लावली. मशीनने एकदा फिरवली, दोनदा फिरवली आणि बाहेर काढली. पुसून लावली, उलटसुलट थोपटून लावली, थंड होऊ देऊन लावली. नाही. त्या दबलेल्या धातूत जेवढा दम उरला होता तेवढा त्या एका वाचनात संपला असावा. हे माझं अनुमान आहे, सिद्ध करता येणार नाही. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘मी जामीन’पर्यंत ऐकू येतं आणि पुढे फक्त आम्ही. मी हिरमुसले होते. काकू नव्हती. तिने डिस्क परत सीडीच्या पाकिटात घातली आणि कपाटात ठेवून दिली.

रविवारी पहाटे पाचला तिचे डोळे उघडले, हे मला माहीत आहे कारण तिने मला उठवून शेजारी बसवून घेतलं. मला एकटीला इथे ठेवलंस तर मी आत जाईन, म्हणाली. स्वयंपाकघरात दोघे भाऊ शिरले होते. आम्हाला फक्त आवाज येत होते आणि काकू चादर हनुवटीपर्यंत ओढून त्यांचं वर्णन करत होती. ही मोठी कढई. एवढी कशाला काढली? हा वरचा डबा, त्यात साखर आहे, मीठ नाही. आता दादा कांदा चिरतायत, मापाने, पट्टी लावल्यासारखा. आता आमचे हे सांगतायत की इतका बारीक नको. आता भांडतायत. काहीतरी पडलं तेव्हा ती अर्धी उठली. मी तिचा खांदा दाबला. ती चादरीत तोंड खुपसून गदगदत राहिली.

मग तिची बडबड विरळ झाली. एकदा म्हणाली, जळतंय बघ. पुढच्या वेळी काहीच म्हणाली नाही.

नऊ वाजता काका आणि बाबा दारात आले. काकाच्या हातात ताट होतं, कपाळावर पीठ होतं. काकू भिंतीकडे तोंड करून, उघड्या तोंडाने, गाढ झोपली होती.

“नऊपर्यंतचाच शब्द होता,” काका कुजबुजला. “थंड होईल सगळं.”

“हळू बोल,” जामीनदार म्हणाले आणि त्यांनी दार बोटांनी धरून लावून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता.

भाजीत साखरच होती. आम्ही चौघांनी ती अगदी हळू चावत, चमचे ताटाला न लावता खाल्ली. काकू अकराला उठली.